खड्ड्यात चाक आदळल्यानंतर पुन्हापुन्हा लागणारे एबीएस आणि ट्रॅक्शनचे दिवे

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला उतरून महाडकडे जात असताना पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात माझ्या गाडीचे पुढचे डावे चाक आदळले. टायर फुटला नाही, रिम वाकली नाही, स्टिअरिंगही सरळ होते; पण अर्धा किलोमीटर गेल्यावर डॅशबोर्डवर ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचा पिवळा दिवा आणि त्याच्या शेजारी घसरणाऱ्या गाडीचे चित्र असलेला ट्रॅक्शनचा, म्हणजे चाके जागच्या जागी फिरू न देणाऱ्या सोयीचा, दिवा असे दोन्ही एकदम लागले. चहासाठी थांबून गाडी पुन्हा सुरू केली तेव्हा दोन्ही दिवे विझलेले होते, म्हणून मीही निश्चिंत होऊन पुढे निघालो. चार दिवसांनी ते पुन्हा लागले. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून बिघाडाचा नोंदलेला कोड पुसून दिला, दिवे परत आले. मग सेन्सर बदलून झाला, आणि नवा सेन्सर बसवून सात आठवडे होतात न होतात तोच तीच जोडी पुन्हा हजर झाली.

या तीन महिन्यांत एक गोष्ट पक्की कळली. स्कॅनरवर येणारा कोड कोणत्या चाकाकडून माहिती नीट येत नाही एवढेच सांगतो. ती का येत नाही, हे तो सांगत नाही. चाक आदळल्यानंतर जेव्हा हा बिघाड होतो, तेव्हा त्या ‘का’चे उत्तर पुष्कळदा सेन्सरच्या बाहेर असते, आणि म्हणूनच नुसता सेन्सर बदलून दिवा काही काळ विझतो आणि मग परत लागतो.

पुढे जाण्याआधी दिव्यांचे रंग नीट पाहावेत, कारण गाडी चालवत घरी न्यायची की तिथेच थांबवायची हे त्यावरच ठरते. एबीएसचा पिवळा दिवा एकटा, किंवा ट्रॅक्शनच्या पिवळ्या दिव्यासह लागला असेल, तर नेहमीचे ब्रेक काम करत असतात. फक्त जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देण्याची सोय बंद असते. अशा वेळी पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवून, ओल्या रस्त्यावर वेग कमी ठेवून जाता येते. ट्रॅक्शनचा दिवा नुसता लुकलुकत असेल तर तो बिघाड नव्हे: निसरड्या रस्त्यावर यंत्रणा त्या क्षणी काम करत आहे एवढाच त्याचा अर्थ आहे. स्थिर लागलेला दिवा मात्र यंत्रणा बंद असल्याचे सांगतो, आणि तो पाहून घाबरण्याआधी आपल्याच हाताने ट्रॅक्शनचे बटण दाबले गेलेले नाही ना, हे पाहिलेले बरे. आमच्या घरात हे दोनदा घडले आहे.

वर्तुळात उद्गारचिन्ह असलेल्या ब्रेकच्या लाल दिव्याची गोष्ट वेगळी आहे. हँडब्रेक पूर्ण खाली असूनही तो लागला, तर गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडावे आणि ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळी पाहावी. आदळण्यामुळे ब्रेकचा रबरी होज किंवा पाइप दुखावला असेल तर गळती चाकाच्या आतल्या बाजूला होते आणि टायरच्या आतील कडेवर ओलसर, तेलकट ओघळ दिसतो. पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल, तर ऑइल भरून पुढे निघण्याचा विचारही करू नये. गाडी टोइंगनेच न्यावी. लाल दिवा आणि एबीएसचा पिवळा दिवा एकत्र लागले असतील, तर पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ब्रेकचा दाब वाटून देणारी ईबीडी ही व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते, आणि मग जोरात ब्रेक लावल्यास मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी फिरण्याचा धोका असतो. याउलट, लाल दिवा फक्त गतिरोधकावर किंवा घाटातील वळणावर क्षणभर लुकलुकत असेल, तर बहुतेक वेळा पातळी खालच्या खुणेजवळ आलेली असते आणि ऑइल हिंदकळल्यामुळे आतला तरंगता गोळा क्षणभर खाली जातो. ब्रेक पॅड झिजत गेले की पातळी आपोआप उतरते, त्यामुळे डबी भरण्याआधी पॅड तपासावेत.

आता पिवळ्या जोडीकडे वळू. प्रत्येक चाकाजवळ त्याचा वेग मोजणारा एक सेन्सर असतो. त्याच्या समोर चाकाबरोबर फिरणारी दातेरी लोखंडी रिंग असते, किंवा अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत बेअरिंगच्या सीलमध्येच बसवलेली, उत्तर-दक्षिण ध्रुव आळीपाळीने असलेली चुंबकी पट्टी असते. दोहोंमधील फट साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर एवढीच असते. एबीएस, ट्रॅक्शन आणि गाडी घसरू न देणारी ईएसपी ही सगळी मंडळी याच चार सेन्सरांच्या माहितीवर जगतात, त्यामुळे एका चाकाची माहिती तुटली की तिघेही एकदम काम सोडतात आणि दिवे जोडीने लागतात. काही गाड्यांत चढावर गाडी धरून ठेवणारी सोय आणि क्रूझ कंट्रोलही त्याच वेळी बंद पडतात, आणि जिथे वेगमापकाला याच सेन्सरांकडून माहिती जाते तिथे स्पीडोमीटरचा काटाही शून्यावर बसतो. दिवे तीन-चार लागले म्हणजे बिघाडही तीन-चार झाले, असे समजून मोठ्या खर्चाची तयारी करण्याचे कारण नाही.

दिवा कधी लागतो, याकडे लक्ष दिल्यास अर्धे निदान गाडीत बसल्याबसल्याच होते. चावी फिरवल्यावर सगळे दिवे क्षणभर लागून विझायला हवेत. एबीएसचा दिवा तेव्हाच लागून राहत असेल, तर वायर तुटणे, कपलर (वायरी जोडणारा प्लग) निसटणे किंवा फ्यूज जाणे अशा विजेच्या दोषाकडे संशय जातो, कारण गाडी उभी असतानाही कंट्रोल युनिट सर्किट जोडलेले आहे की नाही हे तपासत असते. आधी विझून, गाडीने १०-२० किमीचा वेग घेतल्यावर लागत असेल, तर सर्किट शाबूत आहे पण फिरत्या चाकाची खूण उमटत नाही, म्हणजे रिंग, बेअरिंग किंवा फट यांपैकी काहीतरी बिघडले आहे. वळण घेताना लागत असेल तर बहुधा वायर ताणली जात आहे. धुवाधार पावसानंतर किंवा गाडी धुतल्यानंतर लागत असेल तर कपलरमध्ये पाणी शिरले आहे. मात्र काही गाड्यांत दोष दूर झाल्यावरही, थोडे अंतर चालवून चाकांची माहिती पुन्हा पटल्याशिवाय दिवा विझत नाही, हे लक्षात असू द्यावे. नाहीतर झालेली दुरुस्तीही फसली असे वाटते.

माझा दिवा वळणावर लागत होता. म्हणजे उत्तर माझ्या डोळ्यांसमोर होते, पण मी ते सर्व्हिस सेंटरला सांगितलेच नाही. ‘एबीएसचा दिवा लागतो’ एवढेच जॉबकार्डावर लिहिले गेले. त्यांनी स्कॅनर लावला, कोड पुढच्या डाव्या चाकाचा आला, त्यांनी पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर बदलला. कोडच्या भाषेत हे चूक नव्हते. (अनेक गाड्यांत हा कोड सी००३५ असा येतो, आणि पुढचे उजवे, मागचे डावे व मागचे उजवे यांचे अनुक्रमे सी००४०, सी००४५ व सी००५० असे येतात, तरी प्रत्येक कंपनी स्वतःचे कोडही वापरते.) सेन्सर आणि त्याची वायर हा एकसंध भाग असतो, त्यामुळे नवा सेन्सर म्हणजे नवी वायर, आणि नवी वायर म्हणजे काही आठवडे तरी दिवा विझलेला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता.

नव्या सेन्सरनंतरही दिवा लागल्यावर मी नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने कोड पाहिला, पण तेवढ्यावर न थांबता चारही चाकांचा वेग पडद्यावर उघडा ठेवून मला शेजारच्या मोकळ्या जागेत गाडी अगदी हळू चालवायला सांगितली. चारही आकडे ९-१० च्या आसपास एकत्र चालत होते. मग तो म्हणाला, “काका, आता स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे दाबून घ्या बघू.” स्टिअरिंग शेवटापर्यंत गेले आणि पुढच्या डाव्या चाकाचा आकडा शून्यावर पडला, जरा सैल सोडले की तो परत ९ वर. हे तीनदा केले आणि तिन्ही वेळा तेच झाले.

चाक काढल्यावर खरे कारण दिसले. सेन्सरची वायर नकलपासून, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या लोखंडी भागापासून, वर येऊन शॉकअपच्या अंगावरील एका पत्र्याच्या ब्रॅकेटमध्ये रबरी क्लिपने अडकवलेली असते, आणि दोन क्लिपांच्या मध्ये मुद्दाम थोडी ढील ठेवलेली असते, म्हणजे चाक वळले किंवा वरखाली झाले तरी वायर ताणली जाऊ नये. आदळताना ब्रॅकेटचा कान वाकला होता आणि क्लिप बाहेर उडाली होती. पहिल्या वायरीची ढील त्यामुळे भलतीकडे गेली आणि ती एका टोकाला ताण खात राहिली. नवा सेन्सर बसवणाऱ्याने जुनी क्लिप नाही म्हणून वायर प्लास्टिकच्या पट्टीने, म्हणजे केबल टायने, शॉकअपला आवळून बांधली होती, आणि तीही ढील न ठेवता. वरचे आवरण अखंड होते. बोटांनी चाचपताना मात्र एका ठिकाणी वायर शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी मऊ लागली, कारण आतली तांब्याची तार तिथे तुटलेली होती. इलेक्ट्रिशियनने कान सरळ केला, नवी क्लिप बसवली, सेन्सर पुन्हा बदलला. क्लिपचे ४० रुपये झाले. तेव्हापासून एक संपूर्ण पावसाळा गेला आहे आणि दिवा लागलेला नाही.

तुटलेल्या वायरीला तिथेच जोड देऊन टेप गुंडाळण्याचा मोह होतो. चाकाजवळचा हा भाग सतत हलतो, पाणी आणि चिखल खातो, त्यामुळे असा जोड फार टिकत नाही. जोड द्यायचाच असेल तर तो न हलणाऱ्या भागात, बॉडीच्या बाजूला, नीट क्रिंप करून आणि त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवून द्यावा.

वायर निर्दोष असेल तर संशय बेअरिंगवर

आदळण्याचा धक्का टायर आणि रिममधून थेट बेअरिंगपर्यंत जातो. आतल्या गोळ्यांचे बारीक ठसे त्यांच्या वाटेवर उमटतात आणि काही दिवसांनी किंवा काही महिन्यांनी त्या चाकातून गुणगुण सुरू होते. वेगाबरोबर ती वाढते आणि वळणावर बदलते. गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो, तेव्हा आवाज वाढला तर डावे बेअरिंग, असा ढोबळ नियम आहे. खेळ वाढलेले बेअरिंग चाकाबरोबर रिंगलाही किंचित डोलवते, सेन्सरसमोरची फट कमीजास्त होते आणि एबीएस गोंधळते.

हे घरी तपासता येते. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये ठेवून, दुसऱ्या बाजूच्या चाकांना दगड लावून जॅकवर घ्यावी आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. उचललेले चाक वरून आणि खालून धरून आतबाहेर हलवावे. खट् असा आवाज किंवा खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट खराब आहे. डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर टाय रॉडचे, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकाला देणाऱ्या दांड्याचे, टोक पाहावे. मग गाडी न्यूट्रलमध्ये आणून एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवावा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवावे. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये खरखर जाणवते, कानाला ऐकू येण्याआधीच हाताला कळते. मागच्या चाकासाठी याच वेळी हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढची चाके दोन्ही बाजूंनी अडवलेली असणे आवश्यक आहे.

बेअरिंग बदलतानाच एक नवी अडचण पैदा होऊ शकते. चुंबकी पट्टी असलेल्या बेअरिंगची एकच बाजू सेन्सरकडे यायला हवी. ते उलटे बसवले तर चाक अगदी सुरळीत फिरते, आवाजही जातो, पण एबीएसला काहीच दिसत नाही, आणि प्रेसने काढल्यावर ते बेअरिंग बहुधा वाया जाते. बसवण्याआधी चुंबकी पट्टी दाखवणारे कार्ड दोन्ही बाजूंना धरून पाहणारा मेकॅनिक मिळाला तर त्याला सोडू नये. हातोडीने ठोकून बसवण्यामुळेही पट्टीला इजा होते. बेअरिंग बदलल्यापासूनच दिवा लागला असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारावा.

जुन्या गाड्यांत ड्राइव्ह शाफ्टवर किंवा हबवर दाबून बसवलेली दातेरी रिंग असते. तिच्याखाली गंज फुगून ती तडकते, आणि आदळल्यावर ती तड उघडते. याची खूण फार स्पष्ट आहे: गाडी सिग्नलला हळू थांबत असताना, शेवटच्या काही मीटरमध्ये, कोरड्या रस्त्यावरही ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरते आणि घर्रर्र असा आवाज येतो. तडीपाशी चाक क्षणभर थांबले असा यंत्रणेचा समज होतो आणि ती ब्रेक सोडते. दिवा लागलेला नसला तरी हे दुर्लक्षण्यासारखे नाही, कारण थांबण्याचे अंतर वाढते.

कोकणातून आल्यावर सेन्सरच्या टोकावर लाल चिखल आणि ब्रेकमधून सुटलेला लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला सापडतो. सेन्सर एका बोल्टने, बहुधा १० नंबरच्या पान्याच्या, धरलेला असतो. बोल्ट निघतो, सेन्सर निघत नाही. गंजाने तो भोकात घट्ट बसतो आणि पक्कडीने ओढला तर तुटतो. गंज सोडवणारे तेल टाकून थोडा वेळ थांबावे आणि तो उगाच काढून पाहू नये.

मीटर असणाऱ्यांसाठी एक सूचना. जुन्या पद्धतीच्या, आत नुसती तारेची गुंडाळी असलेल्या सेन्सरचा रोध साधारण ८०० ते २००० ओहम भरतो आणि कपलर काढून चाक हाताने फिरवल्यास मीटरवर बारीकसा एसी व्होल्टेज दिसतो. अलीकडच्या गाड्यांतील सेन्सरमध्ये मात्र इलेक्ट्रॉनिक भाग असतो; तो ७ आणि १४ मिलिअॅम्पिअर अशा दोन पातळ्यांत करंट बदलून बोलतो. त्याला ओहमच्या मापाने तपासू नये, कारण त्यातून काही कळत नाही आणि तो बिघडूही शकतो. त्याऐवजी चावी चालू ठेवून गाडीकडून येणाऱ्या बाजूच्या कपलरवर पुरवठा येतो आहे का, एवढे पाहावे. कपलरच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर दोष बहुधा तिथेच सापडतो.

स्टिअरिंग वाकडे झाले असेल तर

आदळल्यानंतर गाडी सरळ जाताना स्टिअरिंग थोडे तिरके राहत असेल, आणि एबीएसचा नव्हे तर फक्त ट्रॅक्शन किंवा ईएसपीचा दिवा काही मिनिटे सरळ चालवल्यावर लागत असेल, तर चाकांचे सेन्सर सोडून स्टिअरिंगचा कोन मोजणाऱ्या सेन्सरकडे पाहावे. चाके सरळ धावत आहेत आणि स्टिअरिंग वळलेले आहे, या विसंगतीमुळे यंत्रणा स्वतःला बंद करते. इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी वाकलेला टाय रॉड किंवा आर्म बदलावा, मग अलाइनमेंट करावी, आणि शेवटी स्कॅनरने सेन्सरचा शून्यबिंदू ठरवावा. अलाइनमेंटवाल्याकडे पुष्कळदा स्कॅनर नसतो आणि स्कॅनरवाल्याकडे अलाइनमेंटचे यंत्र नसते, त्यामुळे हे शेवटचे काम बरेचदा राहून जाते.

टायर फुटून स्टेपनी लावली असेल तर तिच्या बाजूवरचा आकडाही वाचावा. १८५/६५ आर१५ टायरचा व्यास सुमारे ६२१ मिमी भरतो आणि १६५/८० आर१४ चा सुमारे ६२० मिमी, त्यामुळे ही अरुंद स्टेपनी दिसायला वेगळी असली तरी वेगात फरक पाडत नाही. पण घाईत १८५/६० आर१५ टायर घेतला, तर त्याचा व्यास सुमारे ६०३ मिमी असतो; ते चाक सुमारे तीन टक्के जास्त फिरते आणि दिवा लागण्याची शक्यता निर्माण होते.

कोड पुसण्याची घाई करू नये. कोड नोंदला गेला तेव्हाचा वेग आणि इतर स्थिती बऱ्याच गाड्यांत साठवलेली असते आणि पुसल्यावर तीही जाते, म्हणून आधी पडद्याचा फोटो घ्यावा. ऑनलाइन मिळणारे स्वस्त स्कॅनर पुष्कळदा इंजिनापुरतेच वाचतात. त्यावर ‘दोष नाही’ असे आले म्हणून एबीएस निर्दोष ठरत नाही. बॅटरीची वायर काढून दिवा घालवणे हा उपाय नाही, आणि काही गाड्यांत त्यामुळे स्टिअरिंगचा शून्यबिंदूही विसरला जातो. जॉबकार्डावर मात्र दिवा कधी लागतो, कोणत्या वळणावर, कोणत्या वेगाला, पावसात की कोरड्यात, आणि कोणते चाक कधी आदळले, हे स्वतः उभे राहून लिहून घ्यावे.

खड्ड्यात आदळून झालेले नुकसान सर्वंकष विम्यात अपघाती नुकसान म्हणून बसू शकते, पण एका सेन्सरसाठी दावा केला तर २० ते ५० टक्क्यांपर्यंत साचलेली नो क्लेम बोनसची सवलत जाते. रिम, आर्म आणि बेअरिंग एकत्र गेले असतील तरच हा हिशेब मांडावा.

दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेण्याआधी मोकळ्या जागेत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटापर्यंत नेऊन हळू चालवावी, मग रस्त्यावर ४० किमीपर्यंत वेग घेऊन एक-दोन गतिरोधक ओलांडावेत आणि मागे कोणी नसताना बारीक खडी असलेल्या कडेला एकदा जोरात ब्रेक दाबावा. पेडल पायाखाली टकटकले आणि गाडी सरळ थांबली, तर एबीएस कामावर परतले आहे. मग परत येऊन कोड पुन्हा वाचून घ्यावा, आणि चाकाच्या आत टॉर्च मारून वायर प्रत्येक क्लिपमध्ये बसली आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.